निवड : हरलेली आणि चुकलेली

मनुष्याची निवड योग्य होती की अयोग्य, हे कोणत्या क्षणी ठरते? निवड करण्याच्या क्षणी, की तिचे फळ हाती आल्यावर? प्रश्न जुना आहे आणि त्याचे शास्त्रोक्त उत्तरही आपणां सर्वांस पाठ आहे. कर्मावर आपला अधिकार, फळावर नाही, हे प्रवचनात ऐकून आपण माना डोलावतो, आणि देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता शेजाऱ्याविषयी म्हणतो, "नको तिथे पैसे घातले आणि बुडाला, अक्कल कमी, दुसरे काय!" म्हणजे तोंडाने आपण एक सिद्धान्त मानतो आणि व्यवहारात दुसरा. या दोहोंतील अंतर एकदा शांतपणे मोजून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी आम्ही एक लहानसे उदाहरण घेणार आहोत. मुद्दामच लहान घेतले आहे. राज्ये, पंथ, भाषा यांच्या मोठ्या झगड्यांत आपले रागलोभ आधीच मिसळलेले असतात. तेथे विचार करू म्हटले तरी पक्षच बोलू लागतो. घरी बसून चित्रपट पाहण्याच्या दोन प्रकारच्या तबकड्या आणि त्यांपैकी कोणती घ्यावी म्हणून गोंधळलेला गृहस्थ, या विषयात कोणाचे कुलदैवत गुंतलेले नाही. म्हणून तो बरा.

हे उदाहरण सुचण्यास आमच्या कचेरीतील एक कपाट कारण झाले. त्यात भजनी सप्ताहाच्या आणि कीर्तनांच्या काही व्हीएचएस कॅसेटी आहेत. त्या वरून सुस्थितीत दिसतात. परंतु त्या लावून पाहावयाचे यंत्र आज आमच्यापाशी नाही. मध्यंतरी एका देवस्थानच्या मंडळींनी आम्हांस विचारले की, उत्सवांची चित्रणे पुढच्या पिढीसाठी ठेवावयाची तर ती कशावर ठेवावी? आम्ही उत्तर देऊ लागलो आणि ध्यानात आले की, या प्रश्नाच्या पोटात वरचा प्रश्न दडलेला आहे.

मूळ हकीकत जपानची आणि अमेरिकेची आहे. तिला थोडी पूर्वपीठिका हवी. घरी चित्रपट दाखवणाऱ्या कॅसेटींच्या काळात, १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस अशा दोन पद्धती बाजारात आणल्या. एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात चालत नसे. दहाबारा वर्षे झगडा चालला आणि १९८८ साली खुद्द सोनीच व्हीएचएसची यंत्रे विकू लागली. पुढे तबकडीचा काळ आला आणि पुन्हा दोन तट पडले; एकीकडे तोशिबा व टाइम वॉर्नर, दुसरीकडे सोनी व फिलिप्स. परंतु या खेपेस संगणक बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बजावले की, तुम्ही एक होत नाही तोवर आम्ही दोहोंपैकी कोणाचीच तबकडी पत्करणार नाही. तेव्हा दोन्ही पक्ष नमले. १९९५ सालच्या त्या समेटातून डीव्हीडी जन्मास आली आणि १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीस लागली. या समेटाची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

डीव्हीडीवरील सूक्ष्म खुणा वाचण्यास तांबडा लेझर किरण वापरतात. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. टाकाचे टोक जितके बारीक, तितक्या अधिक ओळी एका पानावर मावतात. तसेच किरणाची तरंगलांबी जितकी आखूड, तितका अधिक मजकूर एका तबकडीवर मावतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निळा प्रकाश देणारी अर्धवाहक साधने जपानमध्ये सिद्ध झाली. निळ्या प्रकाशदिव्यांच्या संशोधनाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा यांस पुढे २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाटेने ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर हाती आला आणि दूरदर्शन संचावर अतिस्पष्ट चित्र दाखवणारी नवी तबकडी करणे शक्य झाले.

१९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, पायोनियर आदी नऊ कंपन्यांनी ब्लू-रे ही पद्धती जाहीर केली. त्याच वर्षी तोशिबा आणि एनईसी यांनी आपली निराळी तबकडी पुढे केली. तिला पुढे एचडी डीव्हीडी हे नाव मिळाले. दोहोंचा किरण एकच, दोहोंचा व्यास एकच, दोहोंची एकूण जाडीही एकच. दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांनी त्यांतला भेद कळू नये. मग भेद होता कोठे? मजकुराच्या थरावर जे पारदर्शक आवरण असते, ते एचडी डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर होते, जुन्या डीव्हीडीत असते तेवढेच. ब्लू-रेत ते ०.१ मिलिमीटर होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा वाद!

परंतु त्या अर्ध्या मिलिमीटरात दोन जीवनदृष्टी होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आवरण पातळ केले म्हणजे भिंग मजकुराच्या अधिक जवळ जाते, ठिपका अधिक बारीक होतो आणि मजकूर अधिक मावतो. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट आणि दोन थरांत ५०. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ आणि दोन थरांत ३०. मात्र पातळ आवरणाला ओरखड्याचे भय अधिक, म्हणून ब्लू-रेला वर कठीण लेप द्यावा लागला आणि तिच्यासाठी कारखान्यांत नवी यंत्रसामग्री बसवावी लागली. एचडी डीव्हीडी जुन्या डीव्हीडीच्याच कारखान्यांत थोड्या फेरफाराने निघू शकत होती, म्हणून स्वस्त पडत होती. एक पक्ष म्हणत होता, नवे करायचेच तर पुढच्या वीस वर्षांचे करा. दुसरा म्हणत होता, जे आहे त्याला न मोडता पुढे जा. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूळ जोते ठेवून बांधावे की नव्याने पाया खणावा, यावर सभेत जे दोन पक्ष पडतात, तेच हे. दोघांचेही म्हणणे विचारी माणसाचे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एचडी डीव्हीडीच्या तबकडीवर देशपरत्वे बंधन नव्हते; कोठेही घेतलेली तबकडी कोठल्याही यंत्रात चालावी, अशी तिची रचना होती. ब्लू-रेने जगाचे तीन विभाग पाडले. भारत तिसऱ्या विभागात आला, अमेरिका पहिल्यात. म्हणून न्यू जर्सीतल्या मुलीने बडोद्याच्या आईवडिलांना पाठवलेली तबकडी, तिच्यावर विभागाचा निर्बंध असल्यास, बडोद्याच्या यंत्रात चालू नये अशी व्यवस्था झाली. शिवाय एचडी डीव्हीडीच्या पहिल्या यंत्रापासून सर्व सोयी पक्क्या ठरलेल्या होत्या. ब्लू-रेच्या सोयी मात्र टप्प्याटप्प्याने ठरत गेल्या आणि आरंभी यंत्र घेणाऱ्यांची काही यंत्रे लवकरच मागे पडली. साठवणुकीत ब्लू-रे सरस, ग्राहकाच्या सोयीत काही बाबतींत एचडी डीव्हीडी सरस. अशा वेळी विचारी गृहस्थाने काय करावे?

वस्तुतः हा प्रश्न त्याच्यापर्यंत यावयासच नको होता. २००५ साली दोन्ही पक्षांत एकीची बोलणी झाली आणि ती फिसकटली. दहा वर्षांपूर्वी जे साधले ते या वेळी का साधले नाही? १९९५ साली संगणक कंपन्या तटस्थ राहून पंचाच्या आसनावर बसल्या होत्या. २००५ साली पंचच पक्षांत वाटले गेले. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल एचडी डीव्हीडीच्या बाजूला, तर डेल, एचपी आणि ॲपल ब्लू-रेच्या बाजूला. ज्याच्या 'नाही' म्हणण्याने भांडण मिटले असते, तोच भांडणात उतरला. गावच्या तंट्यांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या वाक्याचे भाष्य नको.

येथे पहिले नैतिक सूत्र हाती लागते. ज्यांच्यापाशी सर्व माहिती होती, अभियंते होते, भांडवल होते आणि एकत्र बसून निर्णय करण्याची शक्ती होती, त्यांनी निर्णय केला नाही. आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्या गृहस्थावर तो लोटला. याला बाजाराचे स्वातंत्र्य असे गोंडस नाव आहे. निवडीचे स्वातंत्र्य आम्हांसही प्रिय आहे. परंतु ज्या निवडीची जोखीम सारी निवडणाऱ्याच्या माथी आणि माहिती सारी दुसऱ्याच्या हाती, ती निवड स्वातंत्र्यापेक्षा जुगाराच्या अधिक जवळची असते.

युद्ध सुरू झाले ते २००६ साली. तोशिबाचे पहिले यंत्र मार्चअखेर जपानात आणि एप्रिलात अमेरिकेत आले. अमेरिकेत त्याची किंमत ४९९ डॉलर. जूनमध्ये अमेरिकेत सॅमसंगचे ब्लू-रे यंत्र आले ते ९९९ डॉलरांना, म्हणजे दुपटीने महाग. नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ हे खेळाचे यंत्र काढले आणि ब्लू-रे वाचण्याची सोय त्याच्या पोटातच बसवली. त्यामुळे ज्या घरांत कोणी तबकडीचा विचारही केला नव्हता, त्या घरांत मुलांच्या खेळण्याबरोबर ब्लू-रे जाऊन बसली. चित्रपट कंपन्याही वाटल्या गेल्या. डिस्ने, फॉक्स आणि सोनीची स्वतःची चित्रसंस्था ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, वॉर्नर दोहोंकडे. पॅरामाउंटही आधी दोहोंकडे होती, पण २००७ च्या ऑगस्टात तिने आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने केवळ एचडी डीव्हीडीचा पक्ष धरला. त्यासाठी दोघींना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरांचे साहाय्य मिळाल्याचे वृत्त त्या वेळी अमेरिकन पत्रांत आले होते.

हे वृत्त वाचताना आम्हांस उद्योगपर्वातील शल्याची आठवण होते. तो पांडवांचा नातलग, निघाला होता पांडवांकडेच. वाटेत दुर्योधनाने त्याच्यासाठी मंडप उभारले, उत्तम पाहुणचार केला, आणि प्रसन्न होऊन वर देऊन बसल्यावर त्याला कौरवांच्या बाजूने लढावे लागले. पक्षाच्या गुणावगुणांचा विचार पाहुणचाराच्या ताटावर संपला. त्याच पर्वात बलरामही आहे. दोन्हीकडे आपलेच शिष्य, कोणाविरुद्ध शस्त्र उचलू, असे म्हणून तो तीर्थयात्रेस निघून गेला. अमेरिकेतील बहुसंख्य गृहस्थ असे बलराम होते. त्यांनी जुनी डीव्हीडीच चालू ठेवली आणि म्हटले, आधी तुमचे काय ते ठरू द्या. मध्यम मार्ग काढणारेही निघाले. एलजीने २००७ साली दोन्ही तबकड्या वाचणारे यंत्र काढले, पण त्याची किंमत १,१९९ डॉलर. वॉर्नरने एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरी अशी तबकडी जाहीर केली, पण ती विक्रीस कधी आलीच नाही.

शेवट झटपट झाला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे आपण केवळ ब्लू-रे काढणार असे जाहीर केले. ११ फेब्रुवारीस नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, १५ फेब्रुवारीस वॉलमार्ट, असे एकामागून एक मोठे विक्रेते आणि वितरक त्या बाजूला गेले. आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी थांबवत असल्याची घोषणा केली. ब्लू-रेच्या पहिल्या घोषणेस त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. तोवर एचडी डीव्हीडीची सुमारे १० लाख यंत्रे लोकांच्या घरांत गेलेली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीन गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पहिल्याने दोन्ही पद्धतींची माहिती मिळवली, आपली ऐपत पाहिली, देशबंधन नाही आणि यंत्र पुरते सिद्ध आहे हे जोखले आणि एचडी डीव्हीडी घेतली. दुसऱ्याने काहीच पाहिले नाही; मुलाच्या हट्टासाठी खेळाचे यंत्र आणले आणि त्यात ब्लू-रे निघाली. तिसरा थांबला. २००८ च्या फेब्रुवारीनंतर शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल? पहिला फसला, दुसरा हुशार निघाला, तिसरा शहाणा ठरला. परंतु दुसऱ्याच्या हातून निवड झालीच नव्हती. त्याला जे लाभले ते दैवाने लाभले, आणि लाभास बुद्धी म्हणण्याची आपणां सर्वांस वाईट खोड आहे. पहिल्याची निवड हरली. ती चुकली असे म्हणण्यास मात्र आम्ही तयार नाही. निवड चुकते केव्हा? जे कळणे शक्य होते ते कळून घेतले नाही तेव्हा, किंवा कळूनही लोभाने, भयाने वा हट्टाने डोळेझाक केली तेव्हा. या दोहोंपैकी काहीच न करता जो पराभूत झाला, त्याच्या पदरी हानी येते, दोष येत नाही.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेपक म्हणेल, "तांदूळ घेणे निराळे आणि ही तबकडी घेणे निराळे. माझ्या तांदळाची चव शेजारी कोणता तांदूळ खातो यावर अवलंबून नाही. पण माझ्या यंत्राचा उपयोग इतरांनी कोणते यंत्र घेतले यावर सर्वस्वी अवलंबून आहे. जिकडे गर्दी तिकडे चित्रपट. मग गर्दी कोठे जाणार हे ओळखणे हाच येथे गुणांचा विचार नव्हे काय? तुमच्या पहिल्या गृहस्थाने तबकडी पारखली, पण माणसे पारखली नाहीत."

आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. ज्या वस्तूचे मोल दुसऱ्यांच्या निवडीवर ठरते, तेथे दुसऱ्यांचा विचार करणे हा व्यवहारज्ञानाचाच भाग होय, आणि व्यवहारज्ञान हाही गुण आहे. तथापि त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होत नाहीत. एक तर, व्यवहारज्ञानात उणे पडणे आणि नीतीत उणे पडणे यांत भेद आहे. अंदाज चुकलेल्या माणसाला हसण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. २००७ च्या अखेरीस जाणते व्यापारीही खात्रीने सांगू शकत नव्हते, तेथे गृहस्थाने काय सांगावे? दुसरे अधिक महत्त्वाचे. प्रत्येक जण केवळ गर्दी कोठे जाईल एवढेच पाहू लागला, तर गर्दीला दिशा द्यावयास कोणी उरतच नाही. सर्व जण एकमेकांच्या पाठीकडे पाहत चालले आहेत आणि पुढे रस्ता पाहणारा कोणी नाही, अशी ती यात्रा होते. मग पुढे जो मोठ्याने ओरडतो किंवा अधिक पैसा टाकतो, त्याच्या मागे ती जाते. आपल्या बुद्धीने पारखून निवड करणारा माणूस हरला तरी, गर्दीत जो काही थोडा विवेक शिल्लक असतो तो त्याच्यासारख्यांमुळेच असतो. समाज त्याचा ऋणी आहे.

आणि तिसरा, थांबलेला गृहस्थ? त्याला आम्ही दोष देत नाही. तबकडीवाचून कोणाचे अडत नाही. तेथे थांबणे हा शहाणपणा. मात्र थांबण्याचा हा शहाणपणा सर्वत्र चालत नाही, हे त्याने विसरू नये. बलराम तीर्थयात्रेहून परतला तेव्हा युद्ध शेवटास आले होते आणि त्याच्या रागाचा उपयोग कोणालाच झाला नाही. जेथे आपल्या थांबण्याने दुर्बळाचे नुकसान होते, तेथे तटस्थता हीही एक निवडच असते. फक्त तिची जबाबदारी आपण घेतलेली नसते.

पुढचा प्रश्न हरलेल्यांविषयीच्या ऋणाचा. ज्यांच्या शब्दावर विसंबून लोकांनी पैसे घातले, त्यांचे कर्तव्य काय? या प्रकरणात काही चांगली उदाहरणे आहेत. बेस्ट बायने एचडी डीव्हीडीचे यंत्र घेतलेल्या आपल्या गिऱ्हाइकांना २००८ च्या मार्चमध्ये ५० डॉलरांची भेटपत्रे दिली. वॉर्नरने २००९ साली आपल्या जुन्या एचडी डीव्हीडी तबकडीच्या बदल्यात तोच चित्रपट ब्लू-रेवर ४.९५ डॉलर आणि टपालखर्च घेऊन देण्याची योजना काढली. कायद्याने त्यांच्यावर हे बंधन नव्हते. रक्कम मोठी नाही. परंतु "तुम्ही आमच्यावर विश्वास टाकला होता, हे आम्हांस स्मरते," एवढे त्यात बोलले गेले.

खुद्द तोशिबाविषयी मात्र आमचे मन द्विधा आहे. हार दिसताच दीड महिन्यात माघार घेणे यात धैर्य होते. खोट्या आशेवर आणखी दोन वर्षे झगडा ओढला असता, तर आणखी किती घरांत निरुपयोगी यंत्रे गेली असती! असे असूनही, वॉर्नर सोडून गेल्यावर जानेवारीच्या मध्यास यंत्रांच्या किमती उतरवण्यात आल्या, आणि ३ फेब्रुवारीस अमेरिकेतील फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यात त्यांची जाहिरात झळकली. माघारीची घोषणा त्यानंतर सोळाच दिवसांनी झाली. त्या सोळा दिवसांत ज्याने स्वस्त म्हणून यंत्र घेतले, त्याला आपण काय सांगणार? विकणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते, ते आपण जाणत नाही आणि आरोप करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु नियम म्हणून एवढे म्हणता येईल की, ज्या वस्तूच्या भवितव्याविषयी आपल्याच मनात शंका उभी राहिली, ती दुसऱ्याला विकताना किंमत उतरवणे पुरेसे नाही. शंकाही सांगावी लागते. स्वस्ताई हे सत्याच्या जागी ठेवण्याचे नाणे नव्हे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत खोल. जो पक्ष जिंकला, त्याने काय जिंकले? तबकडीची जागा हळूहळू तारांतून आणि लहरींतून थेट घरी येणाऱ्या चित्रपटांनी घेतली. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेसाठी नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले. २०२४ साली एलजीनेही यंत्रे बंद केली. कोरी ब्लू-रे तबकडी, जिच्यावर घरचे चित्रण नोंदवून ठेवता येते, ती करणे सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले. ज्या दोघांनी २००८ साली एकाच दिवशी निकाल दिला, त्यांपैकी नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात तबकड्या पाठवणे बंद केले आणि बेस्ट बायने २०२४ साली चित्रपटांच्या तबकड्या विकणे सोडले. चित्रपटांच्या ब्लू-रे तबकड्या आजही निघतात आणि रसिक त्या घेतात. पण ज्या सिंहासनासाठी युद्ध झाले, ते सिंहासनच पूर्वीचे राहिले नाही.

आणि एक गोष्ट या साऱ्या भांडणात फार थोड्यांनी लक्षात घेतली. आवरणाच्या अर्ध्या मिलिमीटरवर ज्यांचे एकमत झाले नाही, त्या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत पूर्ण एकमत होते. दोन्ही तबकड्यांवर एएसीएस नावाचे एकच कुलूप होते. विकत घेणाऱ्याने तबकडीतील चित्रपटाची प्रत करू नये, म्हणून घातलेले. चोरी रोखण्याचा त्यांचा हेतू आम्ही समजतो. परंतु पात्र जीर्ण झाले की आतील वस्तू दुसऱ्या पात्रात घालता आली पाहिजे. ते जमले नाही, तर पात्राबरोबर वस्तूही जाते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. ताडपत्र किडते, कागद पिवळा पडतो, म्हणून पोथी दर दोनचार पिढ्यांनी नव्याने उतरून काढण्याचा परिपाठ पडला. आणि उतरून काढणाऱ्याला चोर न म्हणता पुण्यवान म्हटले गेले. मूर्ती भंगली किंवा झिजली, तर तिच्यातील तत्त्व विधिपूर्वक कलशात आणून ठेवतात आणि मग नव्या मूर्तीत त्याची प्रतिष्ठा करतात. पाषाणावर आपली भक्ती असते, पण पाषाण म्हणजे देव नव्हे, हे त्या विधीत सांगितलेले आहे. गोव्यातल्या वाचकांस तर हे सांगावयासच नको. सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली तेव्हा ज्यांनी नदी ओलांडून मंगेशाला प्रियोळास आणि शांतादुर्गेला कवळ्यास नेले, त्यांनी दगडी भिंती मागे सोडल्या आणि दैवत नेले. पात्र कोणते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कोण वाहून नेणार, एवढाच पडला.

म्हणून ज्या मंडळींनी आम्हांस विचारले होते, त्यांना आम्ही अखेर असे लिहिले: कोणतीही एक तबकडी किंवा पेटी कायमची नाही, जी आज जिंकलेली दिसते तीही नाही. उत्सवाचे चित्रण एकाच ठिकाणी आणि एकाच पद्धतीने ठेवू नका. ज्याची प्रत करता येते अशाच रीतीने ठेवा. आणि मुख्य म्हणजे, दर काही वर्षांनी ते बाहेर काढून, लावून पाहून, नव्या पात्रात उतरवण्याचे काम कोणाचे, ते नाव देवस्थानच्या वहीत लिहून ठेवा. जशी नंदादीपाची पाळी लिहितात, तशी. कालांतराने तुम्ही निवडलेली पद्धती हरेल, यात शंका नाही. ती पाळी चुकली नाही, तर निवड चुकली असे कोणास म्हणता येणार नाही.

आमच्या कपाटातील कॅसेटींविषयी मात्र आम्हांला स्वतःची लाज वाटते. त्या ज्यांनी दिल्या, त्यांनी त्या काळात मिळाले ते उत्तम पात्र निवडले होते. निवड त्यांची हरली. पाळी आम्ही चुकवली. आता एक जुने यंत्र मिळवून त्या उतरवून घेण्याची खटपट आम्ही चालवली आहे. फितीवर अजून किती शिल्लक आहे, ते लावल्यावरच कळेल.